कोकिळेच्या वजनाचे धोंडे

आमच्या ओसरीच्या भिंतीला लागून सहा धोंडे ओळीनं मांडलेले आहेत. पहिला बेलफळाएवढा, शेवटचा चांगला थोराड. घरी नवा माणूस आला की पाणी पिता पिता त्याची नजर तिकडं जाते आणि हे कोणते देव म्हणून तो विचारतो. गेल्या संक्रांतीला वाण घ्यायला आलेल्या एका बाईनं तर विचारलंही नाही, सरळ हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. मी तिला अडवलं नाही. ते देव नाहीत, माझ्या मुलीच्या वजनाचे दगड आहेत, हे समजावत बसायचं तर अर्धा दिवस जातो आणि माझ्या नवऱ्याची सगळी गोष्ट सांगावी लागते. ती आज सांगते.

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. सासूबाई घेतात, म्हणून लिहिते : मोतीराम. डोणगावच्या अलीकडं नाल्याकाठी आमचा दीड एकराचा मळा आहे. विहीर आहे, मोट आहे, आणि वांगी, मिरच्या, मेथी, कांदे असं आलटून पालटून काही ना काही उभं असतं. ते काढायचं आणि बाजाराच्या दिवशी डोणगावात नेऊन विकायचं, एवढं ह्यांचं जग. लिहिता-वाचता येत नाही. चार माणसांत बसवलं तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसतील. हसायचं असलं तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. पण हातात तराजू आला की हा माणूस निराळाच होतो. पारड्यात भाजी टाकली की हे दोन्ही हात पाठीमागं घेतात आणि दांडी पूर्ण थांबेपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, अरे झालं ना, दे आता. हे दांडीकडं बघत उभे. डोणगावच्या म्हाताऱ्या बायका नातवंडांना ह्यांच्याकडंच पाठवतात, कारण इथं लेकरू गेलं काय आणि घरधनी गेला काय, माप तेच मिळतं.

मी चिखलीची, सातवी पास. मण, शेर, छटाक यांची कोष्टकं मला झोपेत विचारा. शिकलेल्या मुलीला भाजीवाल्याच्या घरात दिलं याचा राग मी लग्नानंतर चांगली दोन वर्षं जपून ठेवला होता. एवढा वेळ दांडीकडं बघणारा माणूस बायकोकडं कधी बघणार, असं मी माहेरी गेले की आईला म्हणायचे. आई म्हणायची, बघेल गं, जरा दम धर. मला दम धरायची सवय नाही, हे ज्यांना माझ्याशी बोलायची वेळ आली त्यांना ठाऊक आहे.

आमचा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. त्याचं बारसंही झालं नव्हतं. त्याच्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही आणि मीही इथं जास्त लिहीत नाही. महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या मार्गशीर्षात कोकिळा झाली, तीही सातव्या महिन्यात. सुइणीनं तिला माझ्या हातात दिलं तेव्हा मला आधी वाटलं की नुसतं फडकंच दिलंय. रडणंसुद्धा इतकं बारीक, की ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा. सासूबाईंनी, मंजुळाबाई त्यांचं नाव, शेजारच्या शेतातून पाटीभर कापूस मागून आणला आणि चुलीपाशी बसून हातानं एकेक सरकी काढली. दिवसभर काढत होत्या. संध्याकाळी त्या मऊ कापसात पोरीला गुंडाळलं, वरून ह्यांच्या जुन्या धोतराची पट्टी बांधली, आणि तेव्हा कुठं ती पोटभर श्वास घेतेय असं वाटायला लागलं.

आठव्या दिवशी मेहकरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई फिरतीवर आल्या होत्या, त्यांना हे बोलावून घेऊन आले. मी त्या दिवशी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते, कारण तो आठवा दिवस होता. नर्सबाईंनी पोरीला उलटसुलट करून पाहिलं, नखं पाहिली, पोट दाबलं. ऊब द्या, थोडं थोडं पण सारखं पाजा, असं सांगितलं. आणि मग म्हणाल्या, की आठवड्याला एकदा वजन करायचं. वाढत असेल, थोडंसं का होईना, तर काळजी करू नका. पण घटलं, तर घरात एक दिवसही थांबू नका, असाल तसे घेऊन या. वजन करायला दर आठवड्याला मेहकरला यावं लागेल, थंडी आहे, कसं करता बघा, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले हे पहिल्यांदा बोलले.

"तोलाचंच हाये ना? ते येते मले."

नर्सबाई हसल्या. मला मात्र शरमेनं कुठं तोंड लपवू असं झालं.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. लेकरू तोललं की नजर लागते, आणि तीही बापाच्या हातून तोललं तर काढताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला ह्यांनी कांद्याचा मोठा तराजू बांधला, तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"लेकरू काय वांगं हाये काय रे तोलाले? जे इकाचं तेच तोलतेत."

"इकाले नाही तोलून राह्यलो, माय," हे म्हणाले. "राखाले तोलून राह्यलो."

त्यावर सासूबाई बाजूला झाल्या, पण अटी घालूनच. पारड्यात खडेमीठ आणि लिंबाचा पाला हवा. वजन आकड्यात मोठ्यानं बोलायचं नाही. आणि पोर पारड्यात असेपर्यंत घरातल्या निदान एका माणसानं तिकडं बघायचं नाही, म्हणजे नजर अपुरी राहते. ते न बघणारं माणूस म्हणून त्यांनी स्वतःलाच नेमलं. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सकाळी आमच्याकडं एकच देखावा. कडुलिंबाखाली तराजू, एका पारड्यात गोधडीची घडी आणि तिच्यावर कोकिळा, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाची दुसरी गोधडी आणि लोखंडी वजनं, आणि सासूबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या. पण दांडी थांबते न थांबते तोच भिंतीकडूनच विचारायच्या, "किती झालं?" आणि आपल्याच अटीप्रमाणे हे काही बोलायचे नाहीत म्हणून चिडायच्या.

पोर पारड्यात असताना ह्यांना हात पाठीमागं बांधता येत नव्हते. म्हणून पारड्याखाली बोटभर अंतर सोडून ते आपला तळवा धरायचे. पोर पडली तर हातात पडावी. पण तो तळवा पारड्याला कधी लागला नाही. इतकं जवळ आणि तरी न लागता हात कसा राहतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या जुन्या रागाला तिथंच थोडा तडा गेला.

पहिलं वजन दीड शेर भरलं. त्या दिवशी हे बाजारातून परत आले ते नाल्यातून एक काळा धोंडा घेऊन. ह्यांच्या वडिलांच्या काळी आमच्याकडं लोखंडी वजनं नव्हती, नाल्यातले धोंडे टाकीनं घडवून तेच वजनं म्हणून वापरायचे, ती कला ह्यांच्या हातात होती. एका पारड्यात दीड शेराची वजनं, दुसऱ्यात धोंडा, आणि टाकीनं टिचकी टिचकी मारत बरोबर होईपर्यंत घडवला. मी म्हटलं, हे कशाला. तर म्हणे, लोखंड बाजारात जाते, दिवसभर हातोहात फिरते, हा घरचा राहील. मला ते वेड्याचं काम वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

पुढच्या आठवड्यात पोर छटाकभर वाढली. छटाक म्हणजे किती, तर मुठीत मावतील एवढ्या चार-पाच मिरच्या. त्या मिरच्यांएवढ्या वाढीसाठी मी आठवडाभर देवाला हात जोडत होते. हे तराजू सोडवून मोट जुंपायला गेले आणि त्या सकाळी मोटेवर गाणं म्हणाले. सासूबाईंनी मला विचारलं, ह्याला काय झालं. मी हळूच म्हटलं, छटाक झालं.

मग दर आठवड्याला छटाक, दोन छटाक. तिसऱ्या महिन्यात कापूस सुटला. चौथ्या महिन्यात पारडं झुलायला लागलं की तिला हसू यायचं. इतर लेकरं पाळण्यात हसतात, आमची तराजूत हसली. सहा महिने उलटल्यावर एकदा पालथी पडली, आणि परत उताणं होता येईना म्हणून रागानं लाल झाली. तो राग माझा आहे, असं घरात सगळ्यांचं एकमत झालं. त्या दिवशी वजन पाच शेर होतं, आणि संध्याकाळी दुसरा धोंडा ओसरीवर आला. तेव्हा मला ह्यांच्या डोक्यातलं कळलं. दर आठवड्याला नाही, पोरीनं काही नवं केलं की त्या दिवसाचा एक धोंडा. मी ह्यावेळी वेडं काम म्हटलं नाही. जागा झाडून दिली.

बसायला लागली ती वांग्यांच्या ढिगात. मागं ढीग, दोन्ही बाजूंना ढीग, म्हणून लवंडायची सोयच नव्हती. प्रत्येक वांगं उचलून त्याचा देठ चावून बघायची आणि पसंत पडलं नाही की टाकून द्यायची. ते देठाचे बारीक काटे टोचूनही रडली नाही. सहा शेर, तिसरा धोंडा. रांगायला लागली आणि घराची झोप उडाली. एक दिवस वाळत घातलेल्या मिरच्यांपर्यंत पोचली आणि तेच हात डोळ्यांना लावले. त्या दिवशी नाल्यापलीकडच्या लोकांनाही कळलं की मोतीरामाची सातमाशी पोर जिवंत आहे आणि तिचा आवाज चांगला मोठा आहे. मी तिचे डोळे दुधानं धुताना एकीकडं रडत होते आणि एकीकडं मला बरं वाटत होतं, कारण मला तो कान जवळ नेऊन ऐकायचा आवाज आठवत होता. पावणेसात शेर, चौथा धोंडा.

पहिला शब्द 'आई' असेल म्हणून मी वाट बघत होते. सासूबाईंनी 'आजी' शिकवायला सुरुवात केली होती. पोर म्हणाली, "घे." बाजारातून परतलेल्या टोपलीत बसून, हातात कुसका कांदा, आणि येईल त्याला "घे, घे". बापाचं एवढंच बोलणं तिच्या कानावर पडायचं, तिनं तेच उचललं. मी रुसून बसले. ह्यांनी त्या दिवसाचा धोंडा घडवला नाही, तो कांदाच घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. चार दिवसांनी सदरा धुवायला काढला तेव्हाही कांदा खिशातच होता.

वर्षाची झाली तेव्हा तराजूची दोरी धरून ती पारड्यातच उभी राहिली. पाय लटपटत होते, पण चेहरा अगदी पाटलाचा. साडेसात शेर. पाचवा धोंडा. आता एक पाऊल टाकलं की झालं, असं मी म्हणत होते, आणि नेमकं तेव्हाच दात येण्याचं निमित्त झालं. ताप आला, जुलाब लागले, आणि आठ दिवसांत तिचे गाल उतरले. उभं राहणं बंद झालं. हात धरून उभी केली की पाय मुडपून घ्यायची. आजारी लेकरू तोलायचं नाही म्हणून सासूबाईंनी तराजू फांदीवरून काढायला लावला. दोन बाजार तोललं नाही. ताप गेला, पोर खायला लागली, पण चालेना, आणि मागच्या लेकराची आठवण आम्ही तिघंही एकमेकांपासून लपवत होतो.

त्याच दिवसांत बाजारात शेर जाऊन किलो येत होता. दवंडी झाली होती, पाट्या लागल्या होत्या, जुनी वजनं आता चालणार नाहीत म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं. माझा भाऊ सहदेव चिखलीच्या बाजारात हमालांचा मुकादम आहे. तो शिक्का मारलेली नवी वजनं घेऊन आला. ह्यांनी विचारलं, ह्यात काय फरक आहे. सहदेव म्हणाला, काही नाही हो, किलो म्हणजे नवा शेरच समजा, सरकारनं नाव बदललं. तो जेवून गेला. मी सातवी पास, समोरच बसले होते. मला कोष्टकं पाठ होती ती जुनी, नव्याचा मला पत्ता नव्हता, पण तसं सांगण्यात कमीपणा वाटला. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ह्यांची रीत अशी, की बाजाराच्या दिवशी पहिल्यांदा कोकिळा तोलायची, मग भाजी. म्हणून त्या नव्या वजनांनी जगात पहिल्यांदा काही तोललं असेल तर ती आमची पोर. गोधड्या टाकल्या, मीठ टाकलं, पाला टाकला. सासूबाई भिंतीकडं वळल्या. दांडी थांबली. ह्यांनी वजनं काढून परत ठेवली. परत थांबली. मग ह्यांनी पोरीला उचलून छातीशी घेतलं.

"पावशेरानं घटली," हे म्हणाले. "साडेसाताची सव्वासातावर आली."

आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, ही अट त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. मी म्हटलं, शक्य नाही, रोज कडेवर घेते मी, माझ्या कमरेला विचारा, पोर जड झाली आहे. पण ह्यांचा विश्वास माझ्या कमरेवर नव्हता, तराजूवर होता. आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या कमरेचा भरवसा वाटेना. आईला लेकरू कधी हलकं वाटतं का. नर्सबाईंचं बोलणं दोघांच्याही कानात होतं : घटलं तर एक दिवसही थांबू नका. हे टोपल्यांकडं बघायलाही तयार नव्हते. तोडलेली मेथी, वांगी, सगळं अंगणात तसंच. एस.टी.ची वेळ होत आली होती. मी पोरीची कुंची शोधायला आत गेले तर मला समोर ठेवलेली कुंची दिसेना.

बाहेर आले तेव्हा सासूबाई भिंतीकडून वळल्या होत्या. कोणी सांगितल्याशिवाय त्या तराजूकडं बघत उभ्या होत्या, वर्षात पहिल्यांदाच. मग त्या ओसरीवर गेल्या, आणि पाचवा धोंडा, पोर उभी राहिली तो, दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आल्या. साठी उलटलेली बाई, ओझ्यानं वाकली होती. धोंडा त्यांनी पारड्यात ठेवला.

"तुह्यं लोखंड नवं हाये," त्या ह्यांना म्हणाल्या. "धोंडा त जुनाच हाये ना. त्याले इचार."

ह्यांनी लोखंडी वजनं उतरवली. मग कोकिळेला दुसऱ्या पारड्यात ठेवलं. तळवा नेहमीप्रमाणे खाली, बोटभर अंतर सोडून. दांडी हलली, डुलली, आणि पोरीचं पारडं खाली गेलं. धोंडा वर. ह्यांनी पोरीला काढलं, पारडी बदलली, धोंडा इकडं आणि पोर तिकडं, कारण तराजूतच खोट असली तर अशी उघडी पडते. परत पोरच खाली. मग ह्यांनी धोंड्याच्या पारड्यात मूठभर मिरच्या टाकल्या, आणखी एक मूठ, आणखी एक, आणि पाचव्या मुठीला कुठं दांडी सरळ झाली.

"वाढली," हे म्हणाले, आणि तिथंच मातीत बसले. हा माणूस रडताना मी आधी कधी पाहिला नव्हता. मुलगा गेला तेव्हासुद्धा नाही. पोर पारड्यात दोरी धरून बापाकडं वाकून बघत होती, आणि त्याला देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं म्हणून तिनं पारड्यातला लिंबाचा पाला उचलून पुढं केला. "घे," म्हणाली.

मग धोंड्यासमोर नवी वजनं टाकून पाहिली तेव्हा सगळा उलगडा झाला. साडेसात शेरांचा धोंडा किलोच्या वजनांनी पुरता सातच भरला. किलो शेरापेक्षा मोठा होता. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या बाजारात ती अजून कोणाला अनुभवानं माहीत नव्हती, आणि आम्हाला ती पोरीच्या जिवावरून कळली. मी मान हलवली होती हे मी त्याच वेळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू शिकलेली हायेस, शिकलेल्या माणसाले चुकाचं भेव वाटते. रागानं नाही म्हणाले. मला ते आजवर ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांपेक्षा जास्त लागलं, आणि बरंही वाटलं.

त्या दिवशी हे उशिरा बाजाराला गेले. इतर भाजीवाले किलो आणि शेर यांत गोंधळले होते, कोणी गिऱ्हाइकाशी भांडत होतं. ह्यांनी सगळी भाजी किलोनं तोलली आणि शेराच्या भावानं दिली. एका म्हातारीनं विचारलं, मोतीराम, आज माप जास्त काऊन रे? तर हे म्हणाले म्हणे, की माझी पोर वाढली. मला हे त्या म्हातारीनंच पुढच्या बाजारात सांगितलं. ती म्हणाली, तुझा नवरा हसत होता बाई, मला आधी ओळखूच आला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी कोकिळा चालली. मळ्यात सासूबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याला धरून उठली, आणि समोर मी वांग्याची टोपली घेऊन येत होते तिकडं निघाली. चार पावलं, मग धप्पकन खाली. उठली, आणखी दोन. माझ्या हातातली टोपली कधी खाली ठेवली मला आठवत नाही. सासूबाई उठल्या. मिरच्या तशाच टाकून नाल्याकडं गेल्या आणि तिथून डोक्यावर एक धोंडा घेऊन परत आल्या. हा सहावा. चालली तो. ह्यांनी संध्याकाळी घडवला, पण आणला सासूबाईंनी. ज्यांनी लेकरू तोलायला नको म्हणून दार अडवलं होतं, त्यांनी.

आता कोकिळा तिसऱ्या वर्षात आहे. धावते, पडते, आजीच्या चंचीतली सुपारी चोरते, मोटेच्या बैलांना नावानं हाका मारते. तिनं कालपर्यंत न केलेलं काहीतरी रोज केलेलं असतं, आता त्याचे धोंडे मांडायचे म्हटले तर नाला रिकामा होईल. मी कधी कधी दुपारी ओसरीवर बसते आणि त्या सहा धोंड्यांकडं बघते. मला नर्सबाईंचे उपकार आठवतात, दिवसभर सरकी काढणारे हात आठवतात, आणि पारड्याखाली धरलेला तो तळवा. चिखलीला गेले की आता मी आईजवळ तक्रार करत नाही. आई मुद्दाम विचारते, बघतो का गं आता तुझ्याकडं? मी म्हणते, बघतात, पण तुझी नात आधी.

बाजाराच्या दिवशी पोरीला तोलायची रीत अजून मोडलेली नाही. परवा तिला तोलून झालं, हे तराजू सोडवायला लागले, तर ती म्हणाली, थांब. ओसरीवर गेली. पहिला धोंडा, दीड शेराचा, तिनं माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला होता. आत कापूसही कोंबलेला. तो कुठून काढला आणि तिला कोणी सांगितलं, देव जाणे, बहुतेक आजीनं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, वाकून, तिनं तो आणला आणि पारड्यात ठेवला.

"बाबा, हिले तोल," म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाजाराला उशीर होत असताना, अगदी पोरीला तोलतात तसं, चिंधीसाठी दुसरी चिंधी टाकली, मीठ टाकलं, वजनं ठेवली. सासूबाई सवयीनं भिंतीकडं वळल्या. हे हात खाली धरून दांडीकडं बघत राहिले. दांडी सरळ थांबली. दगडच तो, जेवढा होता तेवढाच भरला.

पोरीनं मान वाकडी करून विचारलं, "वाढली?"

मला वाटलं, हे आता खरं तेच सांगणार. तराजू समोर असताना ह्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघालेलं मी ऐकलं नाही, बाजारात कोणी ऐकलं नाही. हे दांडीकडं बघत होते. मग त्यांचा तो तळवा, अडीच वर्षं बोटभर अंतर राखून पारड्याखाली धरलेला, हळूच वर आला, आणि एका बोटानं त्यांनी पारड्याची कड दाबली. पारडं खाली गेलं.

"वाढली ना, माय," हे पोरीला म्हणाले.

कोकिळेनं टाळ्या वाजवल्या. भिंतीकडं तोंड केलेल्या सासूबाईंनी विचारलं, "कितीनं वाढली?"

"छटाकभर," हे म्हणाले.